घरची बोली गप्प करू नका



नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्यात मी १९९० साली राहायला आलो. आलो बार्शीहून, बी.ए.ची पदवी घेऊन, आणि लागलो मुद्रितं तपासायला. त्या वेळी पेठेतल्या बोळाबोळांत छापखाने होते. काही ठिकाणी अजून खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार राहिला का, हे बघण्यात माझा दिवस जायचा. रात्री उरलेल्या वेळात कविता. म्हणजे पोटही अक्षरांवर आणि हौसही अक्षरांचीच. अशा माणसाच्या मुलाला वाचलेलं कळेना, ही आजच्या भाषणाची गोष्ट.

मुलगा आता मोठा आहे, कमावता आहे. त्याला विचारूनच बोलतो आहे. ‘बोलो अब्बा, पन मेरा नाम नक्को लो,’ एवढीच त्याची अट. तेव्हा नाव घेत नाही. शाळेचंही घेत नाही. कारण त्या बाईंनी जे सांगितलं ते त्या काळी बहुतेकांनी सांगितलं असतं. आजही पुष्कळ जण सांगतात, म्हणून तर हा विषय.

आमच्या घरात दखनी बोलतात. दाराबाहेर मराठी. मी लिहितो मराठीत, स्वप्नंही बहुधा मराठीत पडतात. पण आईशी मी कधी मराठीत बोललो नव्हतो. ती बार्शीची. बाजारात झकास मराठी बोलायची, पण चुलीपाशी आणि नातवाशी दखनीच. माझा मुलगा १९९८चा. तो उशिरा बोलायला लागला. अडीच वर्षांचा झाला तरी शब्दाला शब्द जोडेना. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं सगळे म्हणाले, आम्हीही तेच म्हणालो.

पेठेतल्या मराठी शाळेत त्याला घातला. पहिली कशीबशी गेली. दुसरीत, २००५च्या दिवाळीच्या सुट्टीआधी, बाईंनी बोलावलं. मुलगा शांत आहे, पण सांगितलेलं त्याच्या डोक्यात शिरत नाही, म्हणाल्या. मग विचारलं, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘तरीच! दोन भाषांचा गोंधळ होतोय त्याचा. घरीसुद्धा फक्त मराठी बोला. वर्षभरात फरक पडेल.’

मला ते पटलं. मनात कुठेतरी बरंही वाटलं असेल, कारण कारण सापडलं होतं आणि उपायही सोपा होता. त्याच रात्री मी आईला सांगितलं, ‘अम्मा, अब इसके संगात दखनी नक्को बोल.’ ती काही म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून तिचं नातवाशी बोलणं आटलं. जेव, झोप, दप्तर भर, एवढंच मराठीत. रात्रीची गोष्ट बंद झाली. तिला मराठीत भाव करता येत होता, भांडता येत होतं. गोष्ट सांगता येत नव्हती. दीड वर्ष आमच्या घरात असं चाललं.

आणि फरक? काहीच नाही. उलट मुलगा जास्तच गप्प झाला. तिसरीत गेल्यावर तो वाचायला मात्र लागला. जोडाक्षरांवर अडखळायचा, पण वाचायचा. वाड्यातल्या काकू त्याला पायरीवर बसवून धडा वाचून घ्यायच्या. त्यांनीच एकदा मला थांबवलं. ‘अहो, हा पान न पान वाचतो, पण काय वाचलंस विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो.’

संध्याकाळी तो मकतबात जायचा. तिथे अरबी अक्षरं वाचण्यात त्याची तारीफ व्हायची. मला हे कोडं पडलं. मग लक्षात आलं, अरबीत त्याला कुणी अर्थ विचारतच नव्हतं. पोथी वाचणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांनाही ओळ न ओळ कळत नसते. त्या वाचनाला त्याची जागा आहे, त्याचं समाधान आहे. पण शाळेचं वाचन वेगळं. तिथे अक्षरांमागून अर्थ यावा लागतो. माझ्या मुलाच्या बाबतीत अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता.

२००७च्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या डॉक्टरांनी आम्हाला वाचा-भाषा उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी मुलाचे कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘दखनीत कसा बोलतो?’

मला उत्तर देता येईना. दीड वर्षापूर्वी आम्ही ते बंदच केलं होतं. आणि त्याआधीही मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. ‘घरात कुणाला माहीत असेल?’ असं त्यांनी विचारलं. पुढच्या खेपेला आईला घेऊन गेलो.

आई खुर्चीच्या कडेवर बसली आणि पहिलं वाक्य बोलली, ‘इसकू बोलको नै समजता, दिखाए तो समजता.’ मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि मी मराठीत सांगत गेलो. लहानपणापासून दोन कामं एकदम सांगितली तर हा एकच करतो. गोष्ट ऐकतो, पण कुणी कुणाला मारलं ते उलटं सांगतो. शब्द आठवत नाही, ‘वो’, ‘वो क्या की’ म्हणत राहतो. बहिणीची मुलं याच घरात वाढली, दोन्ही भाषा बोलली, त्यांचं असं कधी झालं नाही. उपचार करणाऱ्या बाई भराभर लिहून घेत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘आजी, हे आधी कुणी विचारलं नाही तुम्हाला?’

नव्हतं विचारलं. शाळेने नाही, डॉक्टरांनी नाही, मीही नाही. उलट तिला गप्प बसवलं होतं.

आता या गोष्टीतलं शास्त्र सांगतो. ते मी मागाहून वाचून आणि विचारून शिकलो.

काही मुलांना ऐकू नीट येतं, बुद्धीही असते, तरी भाषा शिकायला त्यांना इतरांपेक्षा फार कष्ट पडतात. शब्द साठत नाहीत, वाक्यांची घडण बसत नाही, लांब वाक्याचा अर्थ निसटतो. २००७ साली याला ‘स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट’ म्हणत. पुढे २०१६-१७मध्ये डोरोथी बिशप या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि अनेक देशांतले तज्ज्ञ यांनी मिळून ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ हे नाव सुचवलं. मराठीत आपण त्याला भाषाविकासाची अडचण म्हणू. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पाच-सहा वर्षांच्या शंभर मुलांत साधारण सात मुलं अशी आढळली. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण वर्गात अशी एक-दोन मुलं असू शकतात, हे शिक्षकांनी धरून चालायला हरकत नाही.

ही अडचण दोन भाषांमुळे होत नाही. आणि ज्याला ती असते, त्याला ती त्याच्या दोन्ही भाषांत असते. सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. मूल घरच्या भाषेत घडाघडा बोलत असेल, गोष्टी सांगत असेल, आणि शाळेच्या भाषेत अडत असेल, तर बहुधा त्याला शाळेची भाषा पुरेशी कानावर पडलेली नाही. त्याला वेळ द्या, भाषा द्या. पण घरच्या भाषेतही अडत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ते घरातल्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून आजीला विचारायचं.

एक उदाहरण देतो. मराठीत ‘राजूने ताईला लाडू दिला’ आणि ‘राजूला ताईने लाडू दिला’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. लाडू कुणाच्या हातात गेला, हे ‘ने’ आणि ‘ला’ ठरवतात. दखनीत हा ‘ने’ सहसा नसतो. ‘राजू आपाकू लाडू दिया’ असं आम्ही म्हणतो. त्यामुळे दखनी घरातलं मूल मराठीत ‘ने’ चुकवेल. ते सवयीने सुटतं. दखनीत नपुंसकलिंगही नाही, म्हणून ‘माझा पुस्तक’ म्हणेल. तेही सुटतं. पण माझ्या मुलाला ‘राजूकू आपा लाडू दी’ या त्याच्या स्वतःच्या बोलीतल्या वाक्यातही लाडू कुणाला मिळाला, ते सांगता येत नव्हतं. ही परकी भाषा नडल्याची खूण नव्हती. शाळेला हा फरक दिसणं शक्य नव्हतं, कारण शाळेला त्याची एकच भाषा ऐकू येत होती.

दोन भाषा मुलाच्या डोक्यात भांडतात, असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या दखनीतला ‘च’ दाखवतो. ‘मैंच जाताऊं’, ‘ऐसाच है’. हा ‘च’ मराठीचा. ‘नक्को’ हे आपलंच ‘नको’. या दोन बोली शेकडो वर्षं शेजारी राहिल्या, एकमेकींच्या घरी जेवल्या. मोठ्यांना त्याचा त्रास झाला नाही, तर पोरांना का व्हावा?

पण हा झाला माझा कवीचा युक्तिवाद. पुरावाही आहे. कॅनडात मॉन्ट्रियल भागात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा लहानपणापासून ऐकत वाढणारी मुलं असतात. जोहान पॅराडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा मुलांपैकी भाषेची अडचण असलेली मुलं निवडली आणि तीच अडचण असलेल्या पण एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. ज्या व्याकरणात ही मुलं हमखास अडखळतात, त्यात दोन भाषांची मुलं एका भाषेच्या मुलांपेक्षा मागे नव्हती. म्हणजे एक भाषा काढून घेतल्याने अडचण हलकी होईल, असं मानायला आधार मिळाला नाही.

आता वाचनाकडे येतो. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं. अक्षरांतून शब्द काढणं, गुणिले, ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. अक्षरं येतात पण भाषा समजत नाही, तर वाचन शून्य. भाषा समजते पण अक्षरं फुटत नाहीत, तरी शून्यच.

डिसेंबर २००७मध्ये ‘तारे जमीन पर’ आला, तेव्हा वाड्यातले सगळे मला म्हणाले, ‘तुमच्या मुलाचं हेच आहे.’ त्या चित्रपटाने फार मोठं काम केलं, घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द नेला. पण माझ्या मुलाचं ते नव्हतं. डिस्लेक्सियात अडतं ते मुख्यतः अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात. याचं अडत होतं बोललेल्या भाषेतच. काही मुलांत दोन्ही एकत्र असतात. उपाय वेगळे असल्याने, कुठे अडतं ते आधी ओळखावं लागतं.

आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण म्हणतो. मी जन्मभर हीच लिपी तपासली, आणि मला ते पूर्ण पटत नाही. पहिली वेलांटी घ्या. ‘किती’ लिहिताना ती क-च्या आधी येते, उच्चारताना नंतर. ‘सूर्य’मधला र उच्चारात य-च्या आधी, पण बसतो य-च्या डोक्यावर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदीवर केलेल्या अभ्यासात या आधी लिहिलेल्या वेलांटीची वाचताना किंमत मोजावी लागते, असं दिसलं. सोनाली नाग यांनी कन्नडमध्ये दाखवलं, की अशा अक्षरमाला पक्क्या व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. इंग्रजी शिकणाऱ्या पोराला सव्वीस अक्षरं. आपल्याकडे बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर शेकड्यांनी. तेव्हा तिसरीतलं पोर जोडाक्षरावर अडलं की लगेच घाबरू नका. आणि सगळं वाचून दाखवतं म्हणून निर्धास्तही राहू नका.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुका आहे. तिथे आणि कर्नाटकात यादगीरला शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनाचा तीन वर्षं अभ्यास केला. २०१७ साली त्याचा अहवाल आला. वाड्याच्या आदिवासी मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. अहवालात दिसलं, की वर्गातला भर अक्षरं गिरवण्यावर आणि उतरवून काढण्यावर आहे, अर्थावर फार थोडा. वाचताना मला आमची शाळा आठवली. अडचण नसलेल्या मुलालाही ज्या वर्गात अर्थ मिळत नाही, तिथे अडचण असलेल्याने काय करायचं?

आमच्या उपचार करणाऱ्या बाईंनी काय केलं, ते सांगतो. खर्चाचं त्यात काही नव्हतं, चिकाटीचं होतं.

पहिली गोष्ट, आईची रात्रीची गोष्ट पुन्हा सुरू झाली. दखनीत. धड्यात जे येणार असेल, ते आधी दादीने घरच्या बोलीत सांगायचं. मी मराठी धडा वाचून तिला दखनीत सांगायचो, ती त्यात मीठमसाला घालून नातवाला सांगायची. मग दुसऱ्या दिवशी तो धडा मराठीत. अर्थ आधीच घरात आलेला असायचा, त्याला फक्त मराठी कपडे घालायचे. दुसरी गोष्ट, आठवड्याला पाच-सहाच नवे शब्द. पण ते शब्द हातात धरून, चित्रातून, स्वयंपाकघरात, जिन्यावर, दहा वेळा. तिसरी, रोज पंधरा मिनिटं मी मोठ्याने वाचायचं आणि त्याने ऐकायचं. मध्येमध्ये थांबून ‘कुणी? कुणाला? मग काय झालं?’ असं विचारायचं. उत्तर चुकलं तर रागवायचं नाही, आपणच पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं. चौथी, गोष्टीची चित्रं क्रमाने लावायला द्यायची. त्यासाठी काकूंनी जुनी ‘किशोर’ मासिकं दिली.

चमत्कार झाला नाही. दीड वर्षाने तो छोटी गोष्ट वाचून नीट सांगू लागला. चौथीत एकदा त्याने स्वतः वाचलेली माकडाची गोष्ट दादीला दखनीत सांगितली, सगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आईने ऐकून घेतली आणि मला म्हणाली, ‘अब पढ्या इनो.’ म्हणजे आता याने वाचलं.

दहावीला तो दुसऱ्या वर्षी पास झाला. अजूनही लांब अर्ज आला की मला दाखवतो. सरकारी पत्रातली आठ ओळींची वाक्यं मलाही दोनदा वाचावी लागतात, असं मी त्याला सांगतो. आज तो वीजजोडणीची कामं करतो. नकाशा बघितला की त्याला सगळं समजतं. ‘दिखाए तो समजता’ हे दादीचं निदान तिथेही खरं ठरलं.

तेव्हाच्या मानाने आता परिस्थिती सुधारली आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्रात १९९६ साली झाली. पण बरीच वर्षं त्या मुलांच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी शाळेतल्या मुलाला पारखायचं कसं, हा प्रश्नच होता. पुढे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ‘डाली’ नावाची चाचणी तयार झाली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. वाणी, भाषा आणि श्रवण यांवरच तिचं काम चालतं. पुण्यातही वाचा-भाषा उपचार शिकवणारं महाविद्यालय आहे. जायला जागा आहेत. मात्र दखनीची, वारलीची, पुण्यात येऊन राहिलेल्या वडारी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांची चाचणी कुठून आणायची? तिथे आजही आधार एकच, घरातल्या माणसाला विचारणं.

हे फक्त आमच्यासारख्या घरांचं दुखणं नाही. बांधकामावरच्या बिहारी मजुराचं पोर, इमारतीच्या नेपाळी राखणदाराची मुलगी, मराठी शाळेत बसलेलं मारवाडी मूल, यांच्या आईबापांना हाच सल्ला मिळतो. आणि अस्सल मराठी घरांनाही मिळतो. मूल इंग्रजी शाळेत मागे पडलं, की ‘घरी इंग्रजीच बोला’. मग ज्या आईला इंग्रजीत चार वाक्यं सुचत नाहीत, ती ती चार वाक्यं बोलते आणि बाकी गप्प बसते. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांतही फोनवरची आजी अशीच बाजूला पडते. ज्या मुलाला भाषा कमी पडते आहे, त्याच्या वाट्याची भाषा आपण आणखी कमी करतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण त्यापुढे ‘ती बंद करा’ म्हणू नका. ‘त्या भाषेत कसा बोलतो?’ असं विचारा. पालकांना विनंती, मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासा, आणि वाट बघत बसू नका. वाचून दाखवतो यावर समाधान मानू नका, वाचलेलं सांगायला लावा. हवं तर घरच्या बोलीत.

माझी आई २०११ साली गेली. त्या दीड वर्षाबद्दल मी तिची माफी कधी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. माझा मुलगा आता स्वतः बाप झाला आहे. पोरगी दीड वर्षाची आहे. तो तिच्याशी दखनी बोलतो, सून मराठी बोलते, आणि मी संधी मिळेल तसं दोन्ही. मुलीचे शब्द मोजून एका वहीत लिहून ठेवतो. या वेळी कुणी विचारलं, तर उत्तर तयार असावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)